पोळपाट

राऊ सोडून तेजाजी नगरकडे निघालो
आणि आधी कळलं ते सुपारीला.
ओट्यावरून उतरली, गडगडत गेली
आणि डाव्या भिंतीला टेकून राहिली.
मग झारा कलला, मग कॅलेंडर,
मग दिगंबर म्हणाले, "घर बसलं."

गाडी म्हणत नाहीत ते तिला.
जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सतरा सीटा भंगारात घालून
दोन वर्षं प्लाय ठोकत बसले होते अंगणात,
तेव्हापासून घरच.
घरात डिझेल भरायचंय. घर जरा मागे घेतो.
घराचा हॉर्न घोगरा झालाय.
मी वीज मंडळात एकतीस वर्षं लोकांची बिलं जुळवली,
माझ्या कुठल्याच रकान्यात हे बसत नव्हतं.
मी मात्र बसले. पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

मागचं जोडचाक, त्यातलं आतलं.
म्हणजे आधी बाहेरचं उतरवायचं,
ज्याचा काही दोष नाही ते.
स्टेपनी दिवाणाच्या पोटात.
तिच्यावर लोकरीच्या कपड्यांची पेटी,
पापडांचा डबा, जावयाने दिलेला हीटर,
आणि ह्यांचं बुलबुलतरंग,
निवृत्तीनंतर शिकणार होते ते.
सगळं बायपासच्या कडेला मांडलं. वर गादी, दोन गोधड्या.
ट्रकवाले वेग कमी करून बघत गेले.
एकाने तर विचारलंच,
"माताजी, मकान खाली करवा लिया क्या?"

इतकं करून स्टेपनी निघाली,
तर तिच्यातही हवा नाही.
दिगंबरांनी तिला अंगठ्याने दाबून पाहिलं,
मग पुन्हा एकदा,
पिकलाय का आंबा, तसं.

इलियास आला मोपेडवर, मागे बांधलेला कॉम्प्रेसर.
तेविशीचं पोर, कानात अडकवलेली अर्धी बिडी.
"हो जाएगा भिया," म्हणाला, चाकाकडे न बघताच.
जॅक लावला.
घर वर जाईना, जॅकच खाली निघाला.
आमच्या माळव्याची काळी माती ही,
आश्विनात वरून भेगाळलेली
आणि आत अजून भादवा धरून बसलेली.
"लकड़ी है क्या अम्मा, कोई पटिया?"

लाकूड काय, घरच लाकडाचं.
पण सगळं ठोकलेलं.
सुटं एकच होतं.
सागवानी, मारोठिया बाजारातलं, लग्नाच्या साली घेतलेलं.
त्याच्यावर लाटलेल्या पोळ्यांचा हिशेब
मी एकदा मांडला होता, लाखाच्या पुढे गेल्यावर सोडला.

दिगंबर म्हणाले, "ते नको."
मी पोळपाट पालथा घातला.
तीन पायांच्या मधोमध जॅक असा बसला,
जणू सुताराला तेव्हाच ठाऊक होतं.
कर्रर् झालं एकदा. माझ्याच दातांत झालं असावं.
आणि आमचं घर, भांड्यांसकट, देवांसकट,
बोटबोट वर आलं.

ट्यूब माझ्या कपड्यांच्या टबात बुडाली,
बुडबुडे आले एका जागी, पोरं चिडवतात तसे.
खिळा इलियासने माझ्या तळहातावर ठेवला.
दीड इंची, बारीक डोक्याचा.
मागच्या फळीत असेच सोळा आहेत.
की पंधरा?
दिगंबर लांब उभे राहून पैसे मोजत होते.
मी खिळा मिसळणाच्या डब्यात टाकला, मोहरीच्या वाटीत.

रात्री कुठल्याशा पंपावर मुक्काम.
पोळपाट दोनदा धुतला,
तरी एक खडा रुतला होता त्याची खळी राहिलीच.
आता प्रत्येक पोळीला एक टेंगूळ येतं, कडेपासून चार बोटांवर.
दिगंबर जेवताना त्यावरून बोट फिरवतात.
"तेजाजी नगर," म्हणतात, आणि तिथूनच मोडतात घास.

मी फोडणीला मोहरी काढते,
चमचा आत कशाला तरी लागतो,
किणकन.
"काय गं?"
काही नाही. घर आहे. वाजणारच.